नाखवा पहिल्या होडीने उतरला

तो कागद मी घरी नेला त्या दिवशी बसमध्ये जागा असूनही मी उभीच राहिले. बसले असते तर पर्स मांडीवर घ्यावी लागली असती, शेजारी कुणी टेकलं असतं तर ती दबली असती, आणि आतल्या फोल्डरमधला शंभरावर वर्षांचा कागद घडीवर तुटला असता, असं माझ्या मनानं घेतलं. बाहेर जूनचं ऊन होतं. सबाह अल-सालेमच्या थांब्यावर उतरून घरापर्यंत चालले तेव्हाही पर्स छातीशी धरलेली होती. नवऱ्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "काय झालं? तोंड का उतरलंय?"

"पेशंटची वस्तू आणलीय," मी म्हटलं.

 पेशंटकडून खजुराची पेटीसुद्धा घ्यायची नाही, हा नियम त्यालाही पाठ होता. त्यातून माझं काँट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपत होतं आणि नूतनीकरण वर कुठंतरी अडकलं होतं. तो फरवानियात ज्या एसीच्या कंपनीत मेकॅनिक होता ती मार्चमध्ये बंद पडली होती. आता तो आणि आमची मुलगी, दोघंही माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, कुवेतमध्ये होते. माझी नोकरी गेली तर तिघांनाही सामान बांधावं लागणार होतं.

"परत दे," तो म्हणाला.

"रविवारी देणारच आहे."

मी इथल्या एका रुग्णालयात डायलिसिसला नर्स आहे. माहेर रत्नागिरीकडचं. ज्यांचा तो कागद होता ते ऐंशी उलटलेले कुवेती गृहस्थ, निवृत्त भूगोलशिक्षक. रविवार, मंगळवार, गुरुवार, सकाळची पाळी, खिडकीकडून दुसरी खुर्ची. आम्ही नर्सा म्हाताऱ्या पेशंटना 'बाबा' म्हणतो, तसं मीही त्यांना बाबा म्हणायची. त्यांचं लहानपण मुंबईत गेलं होतं, कारण वडिलांची तिथं खजुराची पेढी होती. त्यामुळे त्यांची हिंदी जुन्या मुंबईची होती, आणि मधूनच एखादं मराठी वाक्य टाकून ते मला दचकवायचे. पहिल्या दिवशी माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांनी विचारलं होतं, "काय गं, कोकणातली का तू?"

चार तास मशीनला बांधलेला माणूस एकतर झोपतो, नाहीतर बोलतो. बाबा बोलायचे, आणि बोलायचे ते त्यांच्या पणजोबांच्या जहाजाबद्दल.

ती बगला होती. अरबांच्या मोठ्या गलबताला आमच्या आजोळचे जुने लोकही बगलाच म्हणत, त्यामुळे हा शब्द मला नवा नव्हता. बाबांच्या एका हातात सुया असायच्या, म्हणून दुसऱ्या हातानं ते हवेत तिचा आकार काढायचे. मागची बाजू उंच, कोरीव, तिला पाच खिडक्या. दोन डोलकाठ्या, पुढची जराशी झुकलेली. सगळं लाकूड मलबारचं सागवान. "इथं झाड कुठं होतं?" ते म्हणायचे. "जहाज बांधायचं तर त्याचं लाकूड आधीच्या जहाजानं आणायचं. म्हणजे प्रत्येक जहाजाला आई असायची." तिला बांधताना सुतारांनी कागदावर एक रेघही काढली नव्हती. उघड्या वाळूवर, नजरेनं माप घेऊन ती उभी केली. पाण्यात ढकलायच्या दिवशी अख्खी वस्ती दोर ओढायला आली. बुडाला चुना आणि चरबी, वरच्या फळ्यांना माशाचं तेल. त्या तेलाचा वास जहाज दिसायच्या आधी गावात पोचायचा म्हणे.

पावसाळा सरला की ती बसऱ्याकडून खजूर भरून निघायची. मस्कत, कराची, मुंबई, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली कालिकतपर्यंत. येताना सागाचे सोट, काथ्या, तांदूळ. एका वर्षी तिच्या फळीवर उभे करून घोडे मुंबईला नेले होते. त्यातल्या एका घोड्यानं वाटेत शिडाचा कोपरा खाल्ला. ही गोष्ट सांगताना बाबा इतके हसायचे की त्यांचं प्रेशर वर जायचं आणि मला त्यांना गप्प करावं लागायचं.

वीसेक वर्षं ती अशी चालली. शेवटच्या वर्षी मलबारात एका लांब सोटासाठी नोखदा थांबून राहिला. नोखदा म्हणजे आपल्याकडचा नाखवा, आणि तो खुद्द पणजोबाच. थांबण्यात दिवस गेले. बाकीची अरब गलबतं घरी पोचली तेव्हा ही वैशाखात परतीला निघाली. कोकणच्या किनाऱ्यावर अवकाळी वादळानं गाठलं आणि ती एका खाडीच्या तोंडाशी खडकावर चढली. पणजोबा परत आले नाहीत.

एवढी गोष्ट मी अनेकदा ऐकली होती. पुढचा भाग त्यांनी सांगितला तो एप्रिलमध्ये, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"जे वाचले ते परत आले. त्यांनी आपापलं सांगितलं. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. आमच्या गल्लीत एक घर होतं, त्यांचा पणजोबा त्या जहाजावर खलाशी होता. तो बुडाला. ते लोक म्हणायचे, तुमचा म्हातारा आधी उतरला. माणसं मागं टाकून पहिल्या होडीनं उतरला. मुंबईहून आम्ही परत आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यांच्या मुलानं मला शाळेत हे सांगितलं. मी त्याला मारलं. फार मारलं. तेव्हापासून दोन घरांत येणंजाणं नाही. तो आहे अजून. इथंच रिग्गईत राहतो."

"खरं काय होतं?" मी विचारलं.

"वाचलेल्यांपैकी एकानं येताना तिकडच्या गावातून एक कागद लिहून आणला होता. इथं ती लिपी कुणाला येईना. मुंबईत वडिलांना वाचून घेता आला असता, शेजारच्याच पेढीवर मराठी कारकून होता. नाही घेतला."

"का?"

"भीती," ते म्हणाले. मराठीत म्हणाले.

जूनमधल्या त्या गुरुवारी त्यांनी पांघरुणाच्या पिशवीतून फोल्डर काढून माझ्यासमोर धरला. अक्षर बघताच मी ओळखलं की मोडी आहे. आजोबांच्या जमिनीच्या कागदांत तसलंच, हात न उचलता लिहिलेलं, एकात एक अडकलेलं अक्षर मी पाहिलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं. पण माझ्या गावच्या शाळेतले गुरुजी निवृत्तीनंतर मोडी शिकले होते आणि लोकांना जमिनीचे जुने दस्त वाचून द्यायचे.

"फोटो काढून पाठवते," मी म्हटलं, आणि लगेच आठवलं की युनिटमध्ये फोन बाहेर काढायलाही बंदी आहे.

"घरी ने. नीट उजेडात काढ."

मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे किती रविवार उरलेत, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मी फोल्डर घेतला.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरून मी फोटो काढले आणि गुरुजींना पाठवले. शुक्रवारी त्यांचा फोन आला. "काय गो, ह्या कुठनं मिळवलंस? हात फार घाईचा आहे. मधे कसरीनं खाल्लाय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय, दोन-चार दिवस दे." मी फोल्डर कपाटावर ठेवला, सगळ्यात उंच, कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

शनिवारी दुपारी झोपून उठले तर एसीचं पाणी भिंतीवरून उतरून कपाटावर आलेलं. एसी मेकॅनिकच्या घरातला एसी. महिनाभर मी नवऱ्याला सांगत होते की पाइप तुंबलाय. मी खुर्चीवर चढून फोल्डर खाली ओढला. प्लास्टिकच्या उघड्या बाजूनं थेंब आत गेला होता. कागदाचा खालचा कोपरा ओला होता, आणि तिथल्या अर्ध्या ओळीची शाई पसरून जांभळट डाग पडला होता.

  खुर्चीच्या आवाजानं नवरा धावत आला, त्यानं बघितलं आणि तो वर्तमानपत्र घेऊन आला. आम्ही दोघांनी तो कागद वर्तमानपत्रांत घालून, वर मुलीच्या शाळेची पुस्तकं ठेवून वाळत टाकला. मुलगी दारातून बघत होती. तिनं विचारलं, "इज इट रुइन्ड?" नवऱ्यानं आणखी एक पुस्तक वर ठेवलं.

रविवारी मला कागद न्यायचा होता. तो अजून दमट होता असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बाबांना डाग दाखवायची हिंमत नव्हती. म्हटलं, मंगळवारी नेते.

युनिटमध्ये गेले तर खिडकीकडून दुसरी खुर्ची रिकामी. इन्चार्ज सिस्टरनं, ती केरळची आहे, सांगितलं की शनिवारी त्यांच्या छातीत इन्फेक्शन झालं, आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. मी दिवसभर दुसऱ्या पेशंटच्या सुया लावल्या. एका बाईची शीर मला दोनदा सापडली नाही. माझं असं कधी होत नाही.

मंगळवारी सकाळी बाबांची मुलगी आली. पन्नाशीची, कुठल्याशा सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. ती इन्चार्जच्या टेबलापाशी उभी राहून इंग्रजीत बोलत होती, हळू, पण प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत येत होता. वडिलांचा एक जुना कागद सापडत नाही. गुरुवारी ते फोल्डर घेऊन घरातून निघाले, ड्रायव्हरनं पाहिलं. परत आले तेव्हा फोल्डर नव्हता. तो कागद आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. वडील असे पडलेत, त्यांना विचारता येत नाही.

इन्चार्जनं आम्हा सगळ्यांना बोलावलं. "कुणी पाहिला का?"

आम्ही पाचजणी होतो. चौघींनी नाही म्हटलं. माझी वेळ आली आणि मीही मान हलवली. नाही अशीच हलवली. ती मान माझी नव्हतीच, असं नंतर कितीदा स्वतःला म्हणून पाहिलं. पण ती माझीच होती.

"मग सिक्युरिटीला कॅमेरे बघायला सांगते," इन्चार्ज म्हणाली.

 त्या दिवशी बसमध्ये, कॅमेऱ्यात काय दिसेल याची मी मनातल्या मनात फिल्म लावत होते. बाबांनी हात पुढे केला, मी फोल्डर घेतला, मागं वळून पाहिलं, पर्समध्ये घातला. मागं वळून पाहिलं होतं का मी? पाहिलंच असणार. चोर पाहतो तसंच दिसणार ते. चोरीची केस झाली तर इकामा रद्द, बोटांचे ठसे, आणि पुन्हा गल्फमध्ये कुठंच नोकरी नाही.

घरी नवऱ्यानं एक मार्ग काढून ठेवला होता. "परवा लवकर जा. पांघरुणं धुवायला जातात ना, त्या पिशवीत फोल्डर टाक. सापडला म्हणतील. डाग पाण्याचा आहे, धुलाईत पडला म्हणतील. कुणावर नाव येणार नाही."

"बाबा उठले तर?"

तो म्हणाला, "व्हेंटिलेटरवरून किती उठतात, तूच सांगतेस ना."

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. तो उठून बाल्कनीत गेला. मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः तोच हिशेब मनात करून बसले होते, आणि ती लाज त्याच्या बोलण्यापेक्षा मोठी होती.

बुधवारी माझी सुट्टी होती. सकाळी गुरुजींचा फोन आला. "लागला गो कागद. जबानी आहे. कोळ्यांची नि खोताची. लिहून घे." मी मुलीची वही ओढली आणि लिहीत गेले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

'वैशाख वद्य द्वादशीस दोन प्रहरी वादळ जाहले. अरबाची बगला लाकूड भरोन उत्तरेस जात होती, ती मुखावरील खडकावर चढली. नाखवा पहिल्या होडीने उतरला. बरोबर चौघे. होडी किनाऱ्यास लागतांच फुटली. दुसरी होडी पाण्यात घालवेना.'

"गुरुजी," मी मध्येच म्हटलं, "पहिल्या होडीने, असंच आहे का नक्की?"

"तसंच आहे. स्वच्छ आहे. पुढं ऐक."

'आधी का उतरला हे आम्हांस ठाऊक नाही. कोणी म्हणतात माणसे आणावयास, कोणी म्हणतात भयाने. आम्ही विचारिले नाही. बगलेवरील सोट सुटोन आले. त्यांस धरोन कित्येक वाचले, त्यांचेच खाली कित्येक मेले. मयत अकरा, पैकी नऊ मिळाले. त्यांस नाखव्याने स्वहस्ते स्नान घातले व मोहल्ल्याचे मंडळींनी दफन केले. दोघे मिळाले नाहीत. त्यांसाठी नाखवा भर पर्जन्यकाळात नित्य किनारा चालत असे. श्रावणात तापाने वारला.'

पावसाळा संपून गलबतं सुटली तेव्हा वाचलेल्या खलाशांना घरी दाखवायला म्हणून हे लिहून दिलं होतं.  मग गुरुजी म्हणाले, "कुणाच्या घरचा आहे गो?"

"माझ्या पेशंटच्या."

"सांगशील त्याला?"

मी वही पर्समध्ये घातली.

गुरुवारी मी पाळीच्या तासभर आधी गेले. धुलाईची पिशवी कपडे बदलायच्या खोलीबाहेरच लटकत होती, तोंड उघडं. तिच्याजवळून जाताना माझे पाय मंद झाले हे मी कबूल करते. मग मी इन्चार्जच्या खोलीत गेले, फोल्डर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, मंगळवारची मान हलवण्यासकट.  "तू?" ती एवढंच म्हणाली. अकरा वर्षं आम्ही एकत्र काम केलं होतं.

बाबांच्या मुलीला फोन करून बोलावलं. तिनं कागद बाहेर काढला, डागावर बोट ठेवलं, आणि मला विचारलं, "मंगळवारी का नाही सांगितलंस?"

"भीतीनं," मी म्हटलं.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं फोल्डर बंद केला आणि विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

मी वही काढली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत गेले. 'पहिल्या होडीने'पाशी तिचा चेहरा आवळला. पुढचं तिनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. शेवटी म्हणाली, "ते शुद्धीवर आले तर त्यांना हे सांगायचं नाही. समजलं? त्यांनी आयुष्यभर त्या माणसाची बाजू घेतली आहे."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

तिनं पोलिसात तक्रार केली नाही. पण रुग्णालयाची चौकशी झाली, आणि मला लेखी ताकीद मिळाली. ताकीद फाइलला लागली तेव्हा काँट्रॅक्टच्या निर्णयाला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. नवरा रोज फरवानियात कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या दारात जाऊन यायचा. मी ऑफिसमधला मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस, समोरून येताना दिसला की भिंतीला लागून उभी राहायची.

बाबा मात्र उठले. नवव्या दिवशी नळी काढली, आणि आणखी आठवड्यानं त्यांना पुन्हा आमच्या युनिटमध्ये आणलं, खाटेसकट. निम्मे झाले होते. त्यांची मुलगी शेजारी बसली होती. मी सुया लावत होते, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि नळीनं सोललेल्या घशातून मराठीत विचारलं, "काय लिहिलंय?"

मुलीला मराठी कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, कारण त्यांनी मला काहीतरी विचारलं एवढं तिला दिसलं होतं. मी मराठीतच दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं. किंवा 'पुसट आहे, वाचता आलं नाही' म्हटलं असतं तर तिचाही शब्द राहिला असता. माझ्या बोटांत टेपचा तुकडा होता आणि तो बोटालाच चिकटून बसला होता.

मी तिला इंग्रजीत म्हटलं, "ते कागदाबद्दल विचारताहेत. मला तुमच्यामागं सांगायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही. तुम्ही सांगाल तसं."

 बाबांनी तिचा हात चाचपला आणि अरबीत काहीतरी म्हणाले, दोन-तीनच शब्द. तिनं नंतर मला सांगितलं की ते म्हणाले होते, मी माझ्या बापासारखा मरणार नाही. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि होकारार्थी मान हलवली.

मी वही आणली आणि वाचलं, आधी मराठीत, मग हिंदीत. मशीन चालू होतं. त्यांचं प्रेशर दर ओळीला मी बघत होते.

"पहिल्या होडीने," ते म्हणाले.

"हो बाबा."

"म्हणजे तो मुलगा खोटं बोलत नव्हता."

मी वही मिटू लागले.

"ती एक ओळ पुन्हा वाच. आम्ही..."

"आम्ही विचारिले नाही."

"चांगली माणसं होती," ते म्हणाले. मग त्यांनी कितीतरी वेळ डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. पण पापण्यांखाली डोळे हलत होते. मी दोनदा नाडी पाहिली. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात लिहिलेलं होतं की यांना काही झालं तर ते तुझ्यामुळे. चार तासांतले उरलेले साडेतीन तास मी त्या खाटेपासून दहा पावलांच्या पलीकडे गेले नाही.

मशीन सुटलं तेव्हा त्यांनी मुलीला सांगितलं, रिग्गईला, त्या मुलाच्या घरी, फोन लाव.

तिनं त्या दिवशी लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी लावला. पुढच्या गुरुवारी तो म्हातारा आला, चाकाच्या खुर्चीत, बरोबर त्याची सून. बाबांपेक्षा वयानं थोडा मोठाच असावा. एवढ्या वर्षांत दोघं एकाच शहरात राहिले होते आणि कधी बोलले नव्हते. खुर्ची खाटेला टेकली, तरी पहिली काही मिनिटं दोघंही मशीनकडेच बघत होते.

मग बाबा अरबीत बोलले. मुलगी मला हळू आवाजात इंग्रजीत सांगत होती. मी विचारलं नव्हतं, तिनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली.

"तो आधी उतरला," बाबा म्हणाले. "कागदात आहे. मी तुला उगाच मारलं."

म्हातारा म्हणाला, "का उतरला?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग आपल्याला दोघांनाही ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला. त्यानं पाणी मागितलं. सुनेनं बाटली उघडून दिली. पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं की त्याच्या पणजोबाचं काय झालं हे कागदात आहे का. त्यांच्या घरात सांगत की त्याला समुद्रानंच ठेवून घेतलं.

कागदाच्या पाठीवर अकरा नावं होती. गुरुजींनी ती मला मागाहून लिहून पाठवली होती, प्रत्येकासमोर 'मिळाला' किंवा 'मिळाला नाही'. कुणा कारकुनानं अरबी नावं कोकणी कानानं ऐकून मोडीत उतरवली होती, त्यामुळे ती नावं वाटत नव्हती, नुसती अक्षरं वाटत होती. मी एकेक वाचू लागले. पहिल्या तीन नावांवर दोघांनी नकारार्थी मान हलवली. चौथं वाचलं तेव्हा म्हातारा पुढं झुकला.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. त्यानं ते स्वतः उच्चारलं, वेगळं, घशाच्या खोलातून, आणि मग मला ते नाव अरबी वाटलं. बाबांनीही ते म्हटलं.

"समोर काय लिहिलंय?" मुलीनं विचारलं.

"मिळाला," मी सांगितलं.

मुलीनं ते अरबीत सांगितलं. म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं, मग बाबांकडे. "म्हणजे त्याला माती मिळाली," तो म्हणाला. "आणि तुझ्या माणसानं त्याला न्हाऊ घातलं."

 बाबांचा सुयांचा हात हलायला नको म्हणून मी तो धरून ठेवला होता. म्हाताऱ्यानं मला खूण केली आणि ते नाव मी म्हणावं असं सांगितलं. मी म्हटलं. ते चुकलं. त्यानं सांगितलं, असं नाही, इथून, आणि गळ्याला बोट लावलं. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यानं ठीक आहे म्हणून हात हलवला.

माझं काँट्रॅक्ट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आलं, दोनऐवजी एका वर्षाचं. बाबा त्या थंडीत गेले. पण त्या गुरुवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. मशीनवर अजून सव्वा तास होता, आणि वहीत अजून सात नावं बाकी होती.

"पुढचं वाच," बाबा म्हणाले.